चार गोळ्या की एक गोळी?

बेसा हे काही वर्षांपूर्वीपर्यंत नागपूरच्या दक्षिणेचे एक खेडे होते. मानेवाड्याच्या पुढची शेते संपली, लेआउट पडले, आणि त्या लेआउटांवर शिक्षकांनी, कारकुनांनी, वीज मंडळाच्या नि टपाल खात्याच्या कर्मचाऱ्यांनी आपापल्या भविष्यनिर्वाह निधीतून घरे बांधली. साहजिकच साठी ओलांडलेल्या पुरुषांची संख्या या वस्तीत नजरेत भरण्याइतकी आहे. सकाळच्या फेरफटक्यात ही मंडळी रक्तदाबाविषयी बोलतात, साखरेविषयी बोलतात, गुडघ्यांविषयी तर फारच बोलतात. रात्री चार वेळा उठावे लागते, लघवी अडखळते, ही गोष्ट मात्र कोणी काढीत नाही. ती प्रथम कळते पत्नीला, मग मुलाला, आणि बहुधा सर्वांत शेवटी डॉक्टरला.

वस्तुतः डॉक्टर दूर नाहीत. बेसा येथून शहराकडे निघाले की मानेवाडा रस्त्यावर राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय लागते. वर्धा मार्गावर जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. मिहानमध्ये एम्स उभे राहिले आहे. आणि शहरातले ‘मेडिकल’ तर १९४७ पासूनचे. कर्करोगाच्या उपचारांची इतकी साधने इतक्या जवळ असलेली वस्ती विदर्भात दुसरी क्वचितच असेल. म्हणूनच येथे बसून एक प्रश्न विचारावासा वाटतो. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग एकदा बरा होऊन पुन्हा उलटला, तर हार्मोन रोखणाऱ्या उपचाराला आणखी औषधांची जोड द्यावी काय, द्यावयाची तर किती, आणि हे ठरविणाऱ्या चाचण्या कोणाच्या पैशाने व्हाव्यात? प्रश्नाच्या पहिल्या दोन भागांची उत्तरे डॉक्टरांनी द्यावयाची आहेत. माझ्यासारख्या अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने त्यांत लुडबूड करू नये. तिसरा भाग मात्र अर्थशास्त्राचा आहे, आणि पहिल्या दोहोंची उत्तरे काय येतील हे बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून आहे, असे माझे मत आहे.

कागदावर परतणारा रोग

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तळाशी असलेली, अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्या कर्करोगाचे वैशिष्ट्य असे की तो पुरुषी हार्मोनवर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो. शिकागोचे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले की वृषण काढून टाकले तर पसरलेला रोगही आक्रसतो. रसायनाने कर्करोगाला वेसण घालता येते याचा हा पहिला भक्कम पुरावा होता व त्यासाठी हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांनी मेंदूतून येणाऱ्या नियंत्रक हार्मोनांची रचना उलगडली. १९७७ च्या नोबेलचे ते मानकरी. त्या शोधातून जी इंजेक्शने निघाली ती शस्त्रक्रियेचेच काम शस्त्रावाचून करतात. फरक एवढाच की शस्त्रक्रिया एकदाच होते आणि स्वस्त पडते. इंजेक्शन दर महिन्याला किंवा दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते आणि त्याचे बिलही तितक्याच नियमाने येते. शस्त्रक्रियेला पुरुष का कचरतात हे सांगण्याची आवश्यकता नाही.

ग्रंथी काढून टाकली किंवा किरणोपचार दिले की रोग बरा झाला असे आपण म्हणतो, आणि बहुतांश रुग्णांच्या बाबतीत ते खरेही असते. काहींच्या बाबतीत मात्र दोन-चार वर्षांनी रक्तातील पीएसए नावाच्या प्रथिनाचे प्रमाण पुन्हा चढू लागते. हाडे दुखत नाहीत, चित्रणात काही दिसत नाही, माणूस रोज बाजारातून भाजी आणतो. पण प्रयोगशाळेच्या कागदावर रोग परतलेला असतो. आपल्या भाषेत ‘दुखणे उलटले’ असे म्हणतात, त्या उलटण्याची ही सर्वांत मूक जात होय.

येथे डॉक्टर पाहतात ते त्या आकड्याच्या दुप्पट होण्याच्या कालावधीकडे. बँकेत काम केलेल्या वाचकांना हे चक्रवाढीचे गणित सांगावयास नको. आज पीएसए एक असेल आणि तो दर नऊ महिन्यांनी दुप्पट होत असेल, तर तीन वर्षांत तो सोळावर जातो. दुप्पट होण्यास तीन वर्षे लागत असतील तर त्याच काळात तो फक्त दोनवर पोचतो. दोघांनाही रोग उलटलाच आहे, परंतु पहिल्याला घाई आहे आणि दुसऱ्याला कदाचित काहीच करावयास नको. उपचारांची जोड हवी आहे ती मुख्यतः पहिल्याला.

एकाला दुसऱ्याची जोड

कित्येक दशके पद्धत अशी होती की प्रथम हार्मोन रोखावयाचे, आणि तो उपाय थकला की मग केमोथेरपीसारखे दुसरे औषध काढावयाचे. दोन्ही आरंभापासून एकत्र दिली तर? २००६ मध्ये सुरू झालेल्या चार्टेड या अमेरिकन चाचणीने हाच प्रश्न विचारला. रोग पसरलेल्या ७९० रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले. एका गटाला केवळ हार्मोनरोधक उपचार दिले. दुसऱ्याला त्याबरोबर डोसेटॅक्सेल या जुन्या केमोथेरपीच्या औषधाच्या सहा फेऱ्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: पहिल्या गटाच्या आयुर्मानाचा मध्यक ४४ महिने, दुसऱ्याचा ५७.६ महिने. मध्यक म्हणजे काय हे येथे नीट समजून घेतले पाहिजे, कारण घरोघरी त्याचा भलताच अर्थ लावला जातो. ‘डॉक्टरांनी पावणेपाच वर्षे सांगितली आहेत’ असा त्याचा अर्थ नव्हे. गटातील निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले, एवढेच तो आकडा सांगतो. तुमचे वडील कोणत्या निम्म्यात आहेत हे तो सांगत नाही.

ब्रिटनमध्ये २००५ पासून चाललेली स्टॅम्पीड ही चाचणी याहून व्यापक. एकाच चाचणीत अनेक गट, नवे औषध आले की नवा गट, आणि प्रत्येकाची तुलना प्रचलित उपचाराशी. तीत रुग्णांची संख्या हजारांच्या घरात गेली. हार्मोन रोखण्याच्या इंजेक्शनाला अ‍ॅबिराटेरॉन या गोळ्यांची जोड दिली तेव्हा तीन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ७६ टक्क्यांवरून ८३ टक्क्यांवर गेले, असे तिने २०१७ मध्ये दाखविले. रोग अद्याप पसरलेला नाही पण धोका मोठा आहे अशांची, व त्यांत काही उलटलेल्या रोगाच्या रुग्णांचीही, पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षे जोड-उपचार घेतलेल्यांपैकी ८६ टक्के सहा वर्षांनी हयात होते. जोड न मिळालेल्यांपैकी ७७ टक्के.

नेमक्या उलटलेल्या रोगाची मोठी चाचणी म्हणजे एम्बार्क. पीएसए नऊ महिन्यांत किंवा त्याहून लवकर दुप्पट होतो अशा १०६८ रुग्णांचे तीन गट केले: एकाला ल्युप्रोलाइडचे इंजेक्शन, दुसऱ्याला एन्झालुटामाइडच्या गोळ्या, तिसऱ्याला दोन्ही. रोग न पसरता पाच वर्षे निभावलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ७१.४, ८० आणि ८७.३ टक्के, असे २०२३ साली जाहीर झाले. २०२५ मध्ये आयुर्मानाचे आकडेही आले. आठ वर्षांनी जोड-उपचाराच्या गटातील सुमारे ७९ टक्के हयात होते, केवळ इंजेक्शनाच्या गटातील सुमारे ७० टक्के. या चाचणीतील मला विशेष मोलाची वाटलेली गोष्ट निराळीच आहे. छत्तिसाव्या आठवड्यात पीएसए जवळजवळ शून्यावर आलेला असेल तर औषध थांबवावयाचे आणि आकडा पुन्हा चढेपर्यंत वाट पाहावयाची, असा नियम तीत होता. जोड-उपचाराच्या गटातील दहापैकी नऊ रुग्णांना ही सुटी मिळाली, आणि तिच्या लांबीचा मध्यक वीस महिन्यांचा होता.

या सुटीचे मोल ज्याने हे उपचार घेतले त्यालाच कळेल. टेस्टोस्टेरॉन रोखले की अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, थकवा येतो, स्नायू ओसरतात, हाडे ठिसूळ होतात, इच्छा मावळते, काहींची छाती वाढते. ज्या पिढीने पुरुषपणाची व्याख्या कधी शब्दांत मांडली नाही, तिला हे सारे मुकाट्याने सोसावे लागते. चाचण्यांचे तक्ते यांस ‘दुष्परिणाम’ म्हणतात व त्यांची टक्केवारी देतात. घरात त्यांना नाव नसते. ‘हे हल्ली फार चिडतात’ एवढेच पत्नी शेजारणीला सांगते.

सीमांत उपयोगितेचा धडा

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आम्ही घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम शिकवितो. भुकेल्याला पहिली पोळी जितके समाधान देते तितके पाचवी देत नाही. औषधांच्या जोडीलाही हा नियम लागू पडतो, आणि तो कोठे लागू पडतो हे चाचणीवाचून कळत नाही. स्टॅम्पीडमध्येच अ‍ॅबिराटेरॉनच्या जोडीला आणखी एन्झालुटामाइडही देऊन पाहिले. फायदा वाढला नाही. त्रास मात्र वाढला. दुसऱ्या गोळीने जे दिले त्यात तिसरीने काहीही भर घातली नाही. ही चाचणी झाली नसती तर ‘दोन चांगल्या, मग तीन अधिक चांगल्या’ या भाबड्या तर्काने किती कुटुंबांनी घर गहाण टाकले असते कोण जाणे.

स्वस्त ते सारे चांगले, असा उलटा भाबडेपणाही करू नये. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी आज बेसा येथील दर तिसऱ्या घरात सापडेल, असे म्हटले तर अतिशयोक्ती थोडीच होईल. ती कर्करोगालाही आवर घालते अशी चर्चा कित्येक वर्षे चालू होती. स्टॅम्पीडने १८७४ रुग्णांवर ती पारखून पाहिली. रोग पसरलेल्या रुग्णांचे आयुष्य तिने निश्चितपणे वाढते असे दिसले नाही, असा निष्कर्ष २०२४ मध्ये निघाला. कंपनीला ज्यात काडीचाही नफा नाही अशा गोळीची एवढी मोठी परीक्षा झाली, कारण चाचणीच्या मुळाशी धर्मादाय व सरकारी पैसा होता. उत्तर ‘नाही’ आले, हेही त्या पैशाचे सार्थकच.

जुन्या औषधाचीही अशीच एक कथा आहे. शस्त्रक्रियेनंतर पीएसए चढू लागलेल्या ७६० अमेरिकन रुग्णांना किरणोपचाराबरोबर दोन वर्षे बायकॅल्युटामाइड किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. रुग्णांची नोंदणी १९९८ ते २००३ या काळात झाली; बारा वर्षांच्या पाठपुराव्याचे आकडे प्रसिद्ध व्हावयास २०१७ साल उजाडले. औषधाच्या गटात ७६.३ टक्के हयात, दुसऱ्यात ७१.३. पुढे त्याच आकड्यांची फेरतपासणी झाली तेव्हा दिसले की ज्यांचा पीएसए अगदी थोडाच चढलेला होता त्यांना या औषधाने लाभ दिला नाही, उलट इतर कारणांनी होणाऱ्या मृत्यूंचा धोकाच वाढला. कोणाला औषध द्यावे याइतकेच कोणाला देऊ नये हेही चाचणीच सांगते, आणि त्याचा पैसा रुग्णाच्या खिशात राहतो.

‘कमी’ची चाचणी कोण घेणार?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कंपनी चाचणीवर पैसा घालते तेव्हा तिचा प्रश्न असतो: आमचे औषध घातल्याने किती वाढले? यात गैर काही नाही. एम्बार्कचा खर्च औषधाच्या मालक कंपन्यांनी केला. तो त्यांनी केला नसता तर वरील आकडे आपल्याला मिळालेच नसते. परंतु ‘हेच औषध निम्मे घेतले तर चालेल काय, दोन वर्षांऐवजी एक वर्ष पुरेल काय’ असे प्रश्न कोणतीही कंपनी स्वतःच्या पैशाने विचारणार नाही. आपल्याच दुकानाची विक्री कमी व्हावी यासाठी कोण दुकानदार जाहिरात देतो? अशा उत्तराचा लाभ सर्वांना होतो व त्याची किंमत कोणाकडूनही वसूल करता येत नाही. रस्त्यावरच्या दिव्यासारखी ही सार्वजनिक वस्तू आहे. ती बाजार पुरवीत नाही. शासनाने किंवा समाजाने पुरवावी लागते.

अ‍ॅबिराटेरॉनचेच उदाहरण घ्या. त्याची प्रचलित मात्रा रोज १००० मिलिग्रॅम, म्हणजे २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, आणि त्या रिकाम्या पोटी घ्यावयाच्या. कारण जेवणाबरोबर घेतल्यास औषध कित्येक पटींनी अधिक शोषले जाते; स्निग्ध जेवणाबरोबर तर दहापटीपर्यंत. म्हणजे उपाशीपोटी घेतलेल्या गोळ्यांचा मोठा भाग वाया जातो, आणि त्या वाया जाणाऱ्या भागाचेही आपण पैसे मोजतो. शिकागोच्या डॉक्टरांनी एक छोटी चाचणी केली: ७२ रुग्ण, निम्म्यांना उपाशीपोटी चार गोळ्या, निम्म्यांना कमी तेलातुपाच्या न्याहारीबरोबर एकच. बारा आठवड्यांनी पीएसए उतरण्याच्या बाबतीत एक गोळीवाले मागे पडले नव्हते. हा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. पुढल्याच वर्षी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी ही पद्धत आपल्याकडे स्वीकारावी काय, याची जाहीर चर्चा केली.

हिशेब पाटीवर मांडण्याइतका सोपा आहे. तीस दिवसांच्या १२० गोळ्यांऐवजी ३०. समजा, राज्य शासन एक हजार रुग्णांना हे औषध वर्षभर पुरविते. तर १४ लाख ६० हजार गोळ्यांऐवजी ३ लाख ६५ हजार पुरतील. उरलेल्या जवळजवळ अकरा लाख गोळ्यांच्या पैशात आणखी तीन हजार रुग्णांचे वर्ष निघते.

परंतु ७२ रुग्ण आणि बारा आठवडे यांवर हजारोंचे आयुष्य तोलता येत नाही. पीएसए उतरणे म्हणजे आयुष्य वाढणे नव्हे. त्यासाठी याहून मोठ्या, अनेक वर्षे चालणाऱ्या, अनेक रुग्णालयांतील चाचण्या पाहिजेत. शिवाय औषधाचे शोषण न्याहारीवर अवलंबून असेल, तर न्याहारी कोणाची हा प्रश्न येतोच. शिकागोची ठरावीक न्याहारी आणि नागपूरचे तर्री-पोहे यांत तेलाचे प्रमाण एकच आहे असे कोणी म्हणणार नाही. उपास, एकादशी, श्रावण पाळणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांच्या पोटात एक गोळी कशी वागते हे येथेच पाहावे लागेल. (या मजकुरावरून कोणी स्वतःच्या मनाने मात्रा बदलू नये. या औषधाबरोबर स्टेरॉइड द्यावे लागते, रक्तदाब व पोटॅशियम यांवर लक्ष ठेवावे लागते. तो डॉक्टरांचाच प्रांत आहे.)

हे बजावण्यास कारण आहे. परवडत नाही म्हणून गोळ्या आड दिवसाने घेणारे, महिन्याचा डबा सहा आठवडे पुरविणारे रुग्ण आजही आहेत. माझ्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक तसेच करीत. नातीच्या अभियांत्रिकीच्या शुल्काचा हप्ता आला की त्यांच्या गोळ्या विरळ होत. मुलाला हे पुष्कळ उशिरा कळले. म्हणजे कमी मात्रेची चाचणी घरोघरी चालूच आहे. तिची नोंद नाही, देखरेख नाही, आणि तिच्यातून कोणाला काही शिकताही येत नाही.

आपल्याकडे हे होऊ शकते काय?

होऊ शकते, कारण झालेले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने २०११ ते २०१७ या काळात धोकादायक प्रोस्टेट कर्करोगाच्या २२४ रुग्णांवर एक चाचणी केली. सर्वांना किरणोपचार आणि किमान दोन वर्षे हार्मोनरोधक उपचार. फरक इतकाच की एका गटात किरण केवळ ग्रंथीवर दिले, दुसऱ्यात ओटीपोटातील लसिका ग्रंथींवरही. पाच वर्षांनी पीएसए न उलटलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८१.२ टक्के, दुसऱ्यात ९५. एकूण आयुर्मानात तोवर फरक दिसला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. तरी उलटण्याचे प्रमाण एवढे खाली आणणारी ही चाचणी एकट्या मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयाने केली, आणि २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाल्यावर जगाने तिची दखल घेतली.

मात्रा कमी करण्याचे धाडसही तेथेच झाले आहे. डोके व मान यांच्या कर्करोगावर निव्होलुमॅब हे अतिशय महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांस केवळ २० मिलिग्रॅम देऊन पाहिले. १५१ रुग्णांपैकी ज्यांना ते इतर गोळ्यांच्या जोडीने मिळाले त्यांतील ४३.४ टक्के वर्षानंतर हयात होते. ज्यांना केवळ त्या गोळ्या मिळाल्या त्यांतील १६.३ टक्के. खर्ऱ्याने तोंडे पोखरलेल्या विदर्भाला या आकड्यांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

औषधांच्या किमतीच्या आघाडीवरही आपण अगदीच हतबल नाही. एन्झालुटामाइडचा शोध अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात सार्वजनिक पैशाच्या साहाय्याने लागला. विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेने त्यावरील स्वामित्वशुल्काचा आपला हक्क २०१६ साली एक अब्ज डॉलरांहून अधिक किमतीला विकला. त्याच वर्षी भारतीय पेटंट कार्यालयाने या औषधाच्या पेटंटचा अर्ज फेटाळला. आज त्याच्या भारतीय बनावटीच्या गोळ्या बाजारात मिळतात. २०१९ मध्ये केंद्र शासनाने कर्करोगाच्या ४२ औषधांवरील व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली. २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याने, म्हणजे नॅशनल कॅन्सर ग्रिडने, आपल्या रुग्णालयांसाठी ४० औषधांची एकत्रित खरेदी केली तेव्हा सुमारे ८२ टक्के बचत झाली. जी यंत्रणा एकत्र खरेदी करू शकते, ती एकत्र चाचणीही करू शकते.

चाचणी म्हटले की आपल्याकडे प्रथम आठवतो तो उंदीर, आणि हा संशय निराधार नाही. २००५ नंतर परदेशी कंपन्यांच्या चाचण्या आपल्याकडे मोठ्या संख्येने आल्या. संमतीपत्र न समजताच सह्या घेतल्याच्या, मृत्यूनंतर भरपाई न मिळाल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. त्यातून २०१९ चे नवे नियम आले. नीतिमत्ता समितीची मंजुरी, इजा झाल्यास उपचार व भरपाई, आणि सरकारी नोंदवहीत चाचणीची आगाऊ नोंद आज बंधनकारक आहे. ती नोंदवही कोणालाही पाहता येते. तरीसुद्धा संमतीपत्राचे मराठी असे असते की तीस वर्षे मराठी शिकविलेल्या शिक्षकालाही ते दोनदा वाचावे लागावे. हे दुरुस्त करण्यास कायदा लागत नाही. लागतो तो एखादा शिक्षक, ज्याला समितीत बसवून ‘हे वाक्य कोणाला कळेल?’ असे विचारण्याची मुभा दिली आहे. नियमांप्रमाणे समितीत वैद्यकाबाहेरचा सामान्य नागरिक असावाच लागतो. निवृत्त शिक्षकांनी आणि कारकुनांनी ती जागा मागून घ्यावी.

राहिला पैशाचा प्रश्न. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची हमी राज्याने घेतली आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी, विमा कामगारांसाठी निराळ्या योजना आहेत. म्हणजे औषधाचे बिल शेवटी मोठ्या प्रमाणात सार्वजनिक तिजोरीतच येते. जो ग्राहक एवढी खरेदी करतो त्याने त्या खरेदीचा एखादा टक्का ‘इतके लागते तरी काय?’ हे तपासण्यासाठी बाजूला काढू नये, हे कोणत्याही हिशेबनिसाला पटणार नाही. मानेवाडा, जामठा, मिहान आणि मेडिकल या चार ठिकाणांचे रुग्ण एकत्र नोंदविले आणि त्यांना राष्ट्रीय जाळ्यातील इतर रुग्णालयांची साथ मिळाली, तर उलटलेल्या प्रोस्टेट कर्करोगासाठी चार गोळ्या विरुद्ध एक गोळी, दोन वर्षे विरुद्ध एक वर्ष, अशी तुलना उभी राहू शकते. रोग न पसरता किती काळ गेला हे पाहावयाचे तर पाच-सहा वर्षे लागतील. आज चाळिशी-पन्नाशीत असलेले आम्ही त्या सुमारास पीएसए तपासून घेण्याच्या वयाला पोचलेले असू.